१०० एमबीपीएसच्या लाइनवर मॅप पाच केबीने का येतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मित्रांनी मिळून जर्मनीत एक मशीन भाड्याने घेतलंय आणि त्यावर मूळ क्वेकवर्ल्ड (क्वेक या जुन्या नेमबाजीच्या गेमची इंटरनेटवर खेळायची आवृत्ती) आणि क्वेक ३ असे दोन सर्व्हर लावलेत. पुण्यातून खेळणाऱ्याकडे १०० एमबीपीएसचं फायबर आहे, पिंग (निरोप जाऊन परत यायचा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास, खेळ झकास चालतो. पण सर्व्हरवर नवा मॅप चढला की तो क्वेकवर्ल्डमध्ये सेकंदाला पाच केबीच्या वर सरकत नाही. क्वेक ३ त्यामानाने बरा, तरी रखडतोच. कुणीतरी म्हणालं, ‘यापेक्षा जुना झेडमोडेम परवडला,’ म्हणजे फोन-मोडेमच्या काळातली फाइल पाठवायची पद्धत. ते खरं का? आणि एफटीपी या इंटरनेटवरून फाइल आणायच्या जुन्या पद्धतीच्या एका साठ्यातून कधीतरी उतरवून ठेवलेली डूमच्या मॅपची एक झिप उघडत नाही, ती वाचवता येईल का?

झेडमोडेमचं म्हणाल तर ते शब्दशः खरं आहे. त्या पाच केबीशी तुमच्या फायबरचा काही संबंध नाही. क्वेकवर्ल्डचा सर्व्हर फाइलचा एक तुकडा पाठवतो, तो फार तर ७६८ बाइटचा. मग हातावर हात ठेवून बसतो. तुकडा मिळाला की तुमच्याकडचा क्वेक ‘पुढचा दे’ असा निरोप धाडतो, आणि तो निरोप जर्मनीत पोचल्यावरच पुढचा तुकडा निघतो. म्हणजे एका तुकड्याला एक पूर्ण फेरी. पिंग १५० मिलिसेकंद असेल तर सेकंदाला साडेसहा-पावणेसात फेऱ्या होतात. ७६८ ला ६.६७ ने गुणा, ५१२० बाइट येतात. तुम्ही मोजलेले पाच केबी ते हेच. लाइन १०० ची १००० एमबीपीएस केलीत तरी आकडा तोच राहील, कारण वेळ पाठवण्यात जात नाहीये, पोच यायची वाट बघण्यात जातोय.

हा प्रकार क्वेकपेक्षा बराच जुना आहे, आणि तो कुठून आला ते कळलं की उपायही आपोआप सुचतो. म्हणून जरा मागे जाऊ.

१९७७ साली शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सनने दोन संगणकांत फोनवरून फाइल पाठवायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यातली पद्धत पुढे एक्समोडेम या नावाने सगळीकडे पसरली. हाच माणूस पुढच्या वर्षी, शिकागोत हिमवादळाने सगळं ठप्प केलेलं असताना, रँडी स्यूसबरोबर पहिली बुलेटिन बोर्ड सिस्टिम (बीबीएस) उभी करून बसला, म्हणजे मोडेमने फोन लावून निरोप आणि फाइली ठेवायची-घ्यायची जागा. १६ फेब्रुवारी १९७८ ला ती सुरू झाली. नंतरची दीड दशकं गेम्सच्या शेअरवेअर (फुकट वाटायच्या) आवृत्त्या, पॅच, लेव्हल हे सगळं घरोघर पोचलं ते मुख्यतः अशा बीबीएसवरून.

एक्समोडेमचा एक ब्लॉक तारेवर कसा दिसतो ते बघण्यासारखं आहे. सुरुवातीला ०१ हा बाइट. मग ब्लॉकचा क्रमांक. मग तोच क्रमांक उलटा करून, म्हणजे दोघांची बेरीज नेहमी २५५ यायला हवी. नाही आली तर क्रमांकच तारेत बिघडला असं समजायचं. मग १२८ बाइट मजकूर आणि शेवटी एका बाइटचा चेकसम, म्हणजे मजकुराच्या बाइटांची बेरीज. एकूण १३२ बाइट. १२८ च का, तर त्या काळच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या मशीनच्या फ्लॉपीवर एक सेक्टर तेवढाच असायचा. सेक्टर वाचला की पाठवला, आला की लिहिला, मध्ये साठवायची भानगड नको. घेणारा मजकुराची बेरीज तपासतो, जुळली तर ०६ हा एकच बाइट परत पाठवतो, ती पोच. नाही जुळली तर १५, म्हणजे पुन्हा पाठव. (हे आकडे षोडशमान पद्धतीतले आहेत.) सुरुवातही घेणाराच करतो: ‘मी तयार आहे’ म्हणून दर दहा सेकंदांनी तोच १५ पाठवत राहतो. चेकसम एका बाइटचा असल्याने दोन चुका एकमेकींना खाऊन टाकू शकत, म्हणून जॉन बर्न्सने सीआरसी या जास्त पक्क्या तपासणीची सोय जोडली. तसं हवं असेल तर घेणारा १५ ऐवजी इंग्रजी सी हे अक्षर पाठवायचा. जुन्या टर्मिनलवर एकामागून एक सी उमटताना ज्यांनी पाहिलेत त्यांना आता त्याचं कारण कळलं असेल.

आता वेळेचा हिशेब. ३०० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला ३०० बिटांच्या, मोडेमवर एक बाइट जायला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ३० बाइट. १३२ बाइटचा ब्लॉक साडेचार सेकंद चालतो. त्यानंतर पोच यायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागला काय आणि न लागला काय, कुणाच्या खिजगणतीत नाही. तोच एक्समोडेम १४,४०० च्या मोडेमवर लावा. ब्लॉक ९२ मिलिसेकंदांत संपतो आणि पोचेला १०० मिलिसेकंद लागतात. निम्म्याहून जास्त वेळ लाइन रिकामी. खाली उभा गडी वरच्याला एक वीट फेकतो आणि ‘मिळाली’ असा आवाज आल्याशिवाय दुसरीला हात लावत नाही, असं ते काम. लोक एक्समोडेमला हळू म्हणून नावं ठेवतात, मला ते पटत नाही. ज्या लाइनसाठी तो लिहिला तिच्यावर तो पुरेसा होता. लाइन पुढे निघून गेली आणि तो तिथेच राहिला.

वायमोडेमने ब्लॉक १०२४ बाइटचे केले आणि ‘शून्यावा’ ब्लॉक आणला, ज्यात फाइलचं नाव आणि आकार जायचा. त्यामुळे एका दमात अनेक फाइली पाठवता येऊ लागल्या. एक्समोडेममध्ये आकार कळवायची सोयच नव्हती, म्हणून शेवटचा ब्लॉक १२८ पर्यंत कंट्रोल-झेडने भरून काढायचे आणि घरी आलेली फाइल मूळ फाइलपेक्षा थोडी लठ्ठ असायची. कर्मिट हा कोलंबिया विद्यापीठात १९८१ ला तयार झालेला प्रोटोकॉल. आठवा बिट गाळणाऱ्या, कंट्रोल अक्षरं गिळणाऱ्या खडूस लाइनींवर एकटा तोच तग धरायचा, पण गेमर लोकांनी त्याला फारसं जवळ केलं नाही.

झेडमोडेम हा मात्र खरा उलटफेर. १९८६ साली चक फोर्सबर्गने तो लिहिला आणि पैसे दिले टेलिनेट या पॅकेट नेटवर्क कंपनीने. टेलिनेटला त्यात रस का? कारण त्यांच्या जाळ्यातून बाइट इकडून तिकडे जायला साध्या फोनपेक्षा जास्त वेळ लागायचा आणि एक्समोडेमवाले ग्राहक प्रत्येक ब्लॉकला तो वेळ भरत बसायचे. म्हणजे तुमच्या पुणे-जर्मनी पिंगचीच तक्रार, चाळीस वर्षांपूर्वीची. फोर्सबर्गने पोचेची वाट बघणंच काढून टाकलं. पाठवणारा पाठवत सुटतो, घेणारा गप्प असतो. सीआरसी जुळला नाही तरच घेणारा तोंड उघडतो आणि म्हणतो, ‘अमुक बाइटपासून पुन्हा दे.’ ब्लॉकचा क्रमांक नाही, फाइलमधली नेमकी जागा सांगतो.

या एका निर्णयातून दुसरी सोय जवळपास फुकटात मिळाली. फोन तुटला, पुन्हा लावला, घरातली अर्धवट फाइल आधीच ७,००,००० बाइट आहे, तर घेणारा तोच निरोप पाठवतो: ७,००,००० पासून दे. तुटलेलं डाउनलोड जिथल्या तिथे पुढे सुरू. २४०० च्या मोडेमवर २ एमबीचा गेम उतरवायला सव्वादोन तासांच्या वर लागायचे. त्यात दीड तास झाल्यावर घरातल्या कुणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की काय व्हायचं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना ही सोय काय होती ते सांगायला नको.

आपल्याकडे झेडमोडेमची ओळख बऱ्याच जणांना वेगळ्याच वाटेने झाली. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यात विद्यार्थ्यांसाठीची स्वस्त शेल खाती होती. चित्रं नाहीत, माउस नाही, मोडेमने फोन लावला की थेट त्यांच्या युनिक्स मशीनवरचा काळा पडदा. तुमचा घरचा पीसी इंटरनेटवर नसायचाच, तो फक्त टर्मिनल. त्यामुळे गेमचा पॅच किंवा मॅप आणायचा तर दोन टप्पे. आधी त्या युनिक्स मशीनवर बसून परदेशी सर्व्हरवरून एफटीपीने फाइल आपल्या तिथल्या डिरेक्टरीत ओढायची. मग एस-झेड आणि फाइलचं नाव टाइप करून ती झेडमोडेमने घरी आणायची. एंटर मारलं की पडद्यावर दोन चांदण्या, मग बी आणि पुढे शून्यांची रांग उमटायची. ती कचऱ्यासारखी दिसणारी अक्षरंच खरं तर ‘पाठवायला तयार आहे’ अशी हाक. घरच्या पीसीवरचा टर्मिनल प्रोग्रॅम, टेलिक्स किंवा विंडोज ९५ मधलं हायपरटर्मिनल, ती हाक ओळखून स्वतःच डाउनलोडची खिडकी उघडायचं. ओळखली नाही तर शून्यं बघत बसायचं आणि पाच वेळा कंट्रोल-एक्स दाबून सुटका करून घ्यायची. मोडेमचा जमाना संपत आला तरी आमच्याकडे झेडमोडेम टिकला तो या दुसऱ्या टप्प्यामुळे.

जाता जाता एका खेळाबद्दल सांगायलाच हवं, कारण तिथे फाइल पाठवणं हाच खेळ होता. व्हीजीए प्लॅनेट्स, १९९२ चा, टिम विसमनचा. ११ खेळाडू, प्रत्येकाचं एक अंतराळ साम्राज्य. यजमान सगळ्यांच्या चाली एकत्र चालवायचा आणि प्रत्येकासाठी एक निकालाची फाइल तयार करायचा. ती बीबीएसवरून उतरवायची, फोन ठेवून द्यायचा, घरी निवांत ग्रह आणि जहाजं हलवायची, चालीची फाइल तयार करायची आणि पुन्हा फोन लावून वर चढवायची. अख्खा ऑनलाइन गेम, आणि ऑनलाइन वेळ मिनिटाभराचा. इथे लॅग नाही, पिंग नाही. फोनचं बिल आणि बीबीएसवर मिळणारा मोजका वेळ, दोन्हींवर काढलेला हा उपाय आजच्या कितीतरी मोबाइल गेम्सपेक्षा हुशार वाटतो मला.

आता एफटीपी, म्हणजे तुमच्या न उघडणाऱ्या झिपकडे येऊ.

एफटीपीचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ चा, आरएफसी ११४ (आरएफसी म्हणजे नेटवर्कच्या नियमांचे क्रमांक दिलेले कागद). लिहिला अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरहून एमआयटीत गेलेले. तेव्हा इंटरनेट हा शब्दही रूढ नव्हता. आज जो प्रमाण मानतात तो आरएफसी ९५९, ऑक्टोबर १९८५ चा. गेमर जगाला एफटीपी आठवतो तो १० डिसेंबर १९९३ साठी. त्या दिवशी डूम आणि क्वेक बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने डूमची शेअरवेअर आवृत्ती विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एफटीपी सर्व्हरवर चढवली. लोक आधीच इतके लॉगिन करून वाट बघत बसले होते की चढवणाऱ्यालाच आत शिरायला जागा मिळेना. पुढे डूमचे लोकांनी बनवलेले मॅप आयडी-गेम्स नावाच्या साठ्यात जमा होऊ लागले आणि तो साठा बरीच वर्षं वॉलनट क्रीक सीडीरॉम कंपनीच्या प्रसिद्ध एफटीपी सर्व्हरवर होता.

एफटीपीचं एक वळण सगळ्यांना नडतं. त्यात फाइल दोन प्रकारे जाते. बायनरी, म्हणजे जशीच्या तशी. किंवा ॲस्की, म्हणजे मजकूर समजून, ओळीचा शेवट समोरच्या मशीनच्या पद्धतीने बदलून. युनिक्सवर ओळ एका बाइटने संपते, ०ए. डॉसवर दोन बाइटने, ०डी ०ए. जुन्या कमांडलाइन एफटीपीत मुळातली सेटिंग ॲस्की असायची. बायनरी असं टाइप करायला विसरलात की तुमची झिप, तुमचा वॅड (डूमची मॅपची फाइल), तुमचा पॅक (तशीच क्वेकची), सगळ्यांत जिथे जिथे ०ए सापडेल तिथे त्याच्या आधी एक ०डी घुसायचा.

डूमच्या वॅड फाइलवर त्याचा काय परिणाम होतो बघा. पहिले चार बाइट आयवॅड किंवा पीवॅड अशी खूण, मग आतल्या गोष्टींची संख्या, मग ‘सूची फाइलमध्ये अमुक बाइटवर आहे’ असा आकडा. हे सगळं पहिल्या १२ बाइटांत. ॲस्कीमुळे मध्ये बाइट घुसले की सूची पुढे सरकते, पण हेडरमधला आकडा जुनाच राहतो. गेम त्या जागी जातो, तिथे भलतंच काही, आणि कोसळतो. गंमत म्हणजे एक्समोडेमने शेवटी चिकटवलेल्या कंट्रोल-झेडचा वॅडला काहीच त्रास होत नाही, कारण शेपटीकडे कुणी बघतच नाही.

तर तुमची झिप. आधी तिचा मूळ आकार शोधा. साठ्यातल्या यादीत किंवा सोबतच्या मजकूर फाइलीत तो बहुधा मिळतो. दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) फाइलीत प्रत्येक बाइट साधारण सारख्याच प्रमाणात येतो, म्हणजे दर २५६ बाइटांत एक ०ए. तेव्हा २ एमबीची झिप ॲस्कीतून आली असेल तर ती सुमारे ७,८०० बाइटांनी फुगलेली सापडेल. तुमच्याकडे फुगवटा साधारण २५६ वा हिस्सा असेल तर निदान पक्कं. आणि बातमी बरी आहे. क्लायंटने, म्हणजे फाइल उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने, डोकं न चालवता प्रत्येक ०ए च्या आधी एक ०डी घातला असेल, तर प्रत्येक ०ए च्या लगतचा नेमका एकच ०डी काढून टाकला की मूळ फाइल बाइटन्‌बाइट परत मिळते. पायथनमध्ये एका ओळीचं काम. मग झिपची तपासणी चालवा. तिच्या आत प्रत्येक फाइलचा सीआरसी असतो, तो जुळला की शंका मिटली. काही क्लायंट मात्र आधीच असलेली ०डी ०ए ची जोडी तशीच ठेवायचे, तिथे हा उलटा प्रवास चुकतो.

फाइल फुगण्याऐवजी थोडीशी बारीक झालेली असेल तर प्रकरण अवघड. म्हणजे डॉसकडून युनिक्सकडे ॲस्कीत गेली आणि खऱ्या ०डी ०ए जोड्यांतले ०डी उडाले. २ एमबीत अशा जोड्या तीसेकच असतात, पण हजारो ०ए मधल्या नेमक्या कुठल्या तीस ते सांगायला फाइलीत काही उरत नाही. तिचा नाद सोडा आणि दुसरी प्रत शोधा. जुने एफटीपीचे दुवे ब्राउझरमध्ये उघडत नाहीत म्हणून गोंधळू नका. २०२१ मध्ये फायरफॉक्सने ९० व्या आणि क्रोमने ९५ व्या आवृत्तीत एफटीपी काढून टाकला. फाइलझिलासारखा क्लायंट घ्या, आणि प्रकार बायनरीच ठेवा.

परत क्वेककडे. क्वेकवर्ल्ड डिसेंबर १९९६ चं. घरगुती मोडेमवरून इंटरनेटवर खेळता यावं एवढ्यासाठीच ते लिहिलेलं. त्यात मॅप, आवाज, मॉडेल नसतील तर सर्व्हरकडूनच उतरवायची सोय होती. आयडीच्या लोकांना झेडमोडेम माहीत नव्हता का? माहीत होता. मग दहा वर्षांनंतर पुन्हा एक तुकडा, एक पोच ही जुनी चाल का?

त्याचं कारण क्वेकच्या नेटवर्कच्या आतल्या रचनेत आहे. गेमची बहुतेक पॅकेटं हरवली तरी चालतात, कारण क्षणात नवी स्थिती येतेच. जी हरवून चालत नाहीत त्यांच्यासाठी क्वेकमध्ये एक ‘खात्रीचा’ मार्ग आहे आणि त्यात एका वेळी एकच निरोप वाटेवर असू शकतो. तो पोचला का हे कळायला एकच बिट वापरलेला आहे, शून्य-एक-शून्य-एक असा पालटणारा. मॅपचे तुकडे याच मार्गाने जातात. वेगळं पोर्ट नको, वेगळा सर्व्हर नको, फायरवॉलमध्ये दुसरं भोक नको. शिवाय एकाने मॅप ओढायला घेतला म्हणून बाकीच्या खेळाडूंचा खेळ अडखळता कामा नये. त्या काळी अख्खा सर्व्हर कुणाच्या तरी कॉलेजच्या तुटपुंज्या लाइनीवर चालायचा.

आणि आकडे बघा. क्वेकवर्ल्डमध्ये रेटची, म्हणजे सर्व्हरने एका खेळाडूला सेकंदाला किती बाइट पाठवायचे त्या मर्यादेची, मुळातली सेटिंग होती २५०० बाइट, मोडेमवाल्यांसाठी. मोडेमवर पिंग ३०० च्या घरात. ७६८ बाइट दर ३०० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला २५६०. मोडेमची लाइन जेमतेम भरली जाते, वाया काहीच जात नाही. हा आकडा त्यांनी असाच हिशेब करून काढला असं मी म्हणत नाही, पण १९९६ च्या खेळाडूला वाट बघण्याचा हा तोटा जाणवायचं कारणच नव्हतं. एक्समोडेमची ३०० बॉडची गोष्ट पुन्हा, फक्त मोडेम वेगळा.

क्वेक २ मध्ये तुकडा १०२४ बाइटचा झाला. त्याहून मोलाची भर म्हणजे अर्धवट राहिलेली तात्पुरती फाइल सापडली तर क्लायंट तिचा आकार सर्व्हरला कळवतो आणि तिथून पुढचं मागतो. झेडमोडेमची जागा सांगायची युक्ती, नव्या कपड्यांत.

क्वेक ३ मध्ये खरी सुधारणा. तुकडा २०४८ बाइटचा आणि एका वेळी आठ तुकडे पोचेविना वाटेवर ठेवायची मुभा. नुसतं गणित केलं तर १५० पिंगवर सेकंदाला शंभरेक केबी मिळायला हवेत. मिळत नाहीत, कारण इथे दुसरा पहारेकरी आहे: रेट. डाउनलोडही खेळाडूच्या रेटच्या मर्यादेतच चालतं. मूळ क्वेक ३ मध्ये ही सेटिंग ३००० असायची. त्या रेटवर ३० एमबीची पीके३ फाइल (क्वेक ३ चा मॅप अशा फाइलीत येतो) पावणेतीन तास घेईल. २५,००० केलात तर वीस मिनिटं. तेव्हा तुमच्या त्या मित्राला आधी गेममधला कन्सोल (कमांड टाइप करायची जागा) उघडून स्वतःचा रेट किती आहे ते बघायला सांगा, आणि सर्व्हरवरची कमाल रेटची मर्यादाही तपासा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

टीएफटीपी या एफटीपीच्या अगदी साध्या धाकट्या भावाचं नावही लोक अशा पद्धतींत घालतात म्हणून एवढंच: तोही एक तुकडा-एक पोच जातीचाच, ५१२ बाइटचा. त्यात तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणून मूळ प्रमाणात ३२ एमबीच्या वर फाइल जात नाही. गेमिंग कॅफेत हार्ड डिस्क नसलेली मशीनं नेटवर्कवरून बूट करतात तिथे सुरुवातीची फाइल अजून यानेच येते. मॅपसाठी त्याचा विचारही करू नका.

पुढे सगळ्यांना एकच शहाणपण सुचलं: गेम सर्व्हरने फाइल वाटायचं काम सोडून द्यावं आणि ‘अमुक वेब पत्त्यावर जा’ एवढंच सांगावं. अनरियल टुर्नामेंटमध्ये हे रिडायरेक्ट म्हणून आलं, वर फाइल दाबून ठेवायची सोय. २००३ च्या वुल्फेन्स्टाइन: एनिमी टेरिटरीत ते आलं. काउंटर-स्ट्राइकवाले त्याला फास्टडीएल म्हणतात आणि आपल्याकडच्या कॅफेत वाढलेल्या पिढीला तेच नाव ठाऊक आहे. एचटीटीपी ही वेबची पद्धत टीसीपी या प्रोटोकॉलवर चालते, आणि पोचेसाठी न थांबता किती माल वाटेवर ठेवायचा हे टीसीपी स्वतः, लाइन बघून ठरवतो.

तुमच्यासाठी म्हणजे असं. क्वेक ३ साठी मूळ प्रोग्रॅम सोडा, सर्व्हर आणि खेळाडू दोघांकडे आयओक्वेक३ ही त्याची लोकांनी सुधारलेली आवृत्ती घ्या. त्यात सर्व्हरला डाउनलोडचा वेब पत्ता देता येतो. त्याच भाड्याच्या मशीनवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवा, पत्त्याच्या खाली बेसक्यू३ नावाचं फोल्डर ठेवा आणि त्यात मॅपच्या पीके३ टाका. नावातली लहान-मोठी अक्षरं तंतोतंत जुळवा. विंडोजवर चालून गेलेलं नाव लिनक्सवर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, देतं, आणि खेळाडूला फक्त ‘डाउनलोड फेल’ दिसतं. क्वेकवर्ल्डसाठी आजचा एमव्हीडीएसव्ही किंवा एफटीई सर्व्हर आणि इझीक्वेक क्लायंट घ्या. त्यांच्यातली डाउनलोडची नवी पद्धत एकाच वेळी अनेक तुकडे मागते, क्रम पुढे-मागे झाला तरी चालतो. तोच मॅप पापणी लवायच्या आत येतो.

दोन गोष्टी मात्र पत्ता चालू करायच्या आधी बघा. वेब सर्व्हरला सबंध गेमचं फोल्डर दाखवू नका. त्यात सर्व्हरची कॉन्फिग फाइल असते आणि तिच्यात आरकॉनचा, म्हणजे दुरून सर्व्हर चालवायचा, पासवर्ड उघड्यावर लिहिलेला असतो. क्वेकवर्ल्डचा जुना कोड याबाबत सावध होता: नावात दोन टिंबं (म्हणजे ‘एक फोल्डर वर जा’) असतील तर नकार, आणि फाइल एखाद्या उपफोल्डरमध्येच असली पाहिजे, म्हणजे वरच्या पातळीवरची कॉन्फिग कधीच बाहेर जायची नाही. क्वेक ३ च्या जुन्या सर्व्हरमध्ये मात्र दोन टिंबांच्या वाटेने बाहेरच्या फाइली वाचता येतात असं २००६ मध्ये उघड झालं; मूळ प्रोग्रॅम सोडा म्हणतोय त्याचं हेही एक कारण.

दुसरी म्हणजे क्वेक ३ ची पॅक-शून्य ही पीके३. ती विकत घ्यायच्या गेमची मुख्य फाइल. क्वेकवर्ल्डचा सर्व्हर पॅकमधून आलेला मॅप कुणी मागितला तर देतच नाही, क्वेक ३ सुद्धा आयडीच्या स्वतःच्या पीके३ डाउनलोडला देत नाही. वेब सर्व्हरला ही जाण नसते, तो समोर ठेवलेलं सगळं वाटतो. तेव्हा त्या फोल्डरमध्ये लोकांनी बनवलेले मॅपच ठेवा, आणि वेब सर्व्हरची फोल्डर-यादी दाखवायची सोय बंद करून टाका.